एका रकान्यात दोघं

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

कोल्हापुरात आले आणि एकाच दिवसात खोली, नोकरी, जेवण सगळं जमलं. हलकर्णीहून निघताना आईनं, आमच्या अव्वानं, आठवडाभर पुरेल एवढी भाकरी-चटणी बांधून दिली होती, पण घरमालकीण नजीराचाचींनी ते गाठोडं सोडूच दिलं नाही. त्यांचे रमजानचे रोजे चालू आहेत. संध्याकाळी रोजा सोडताना त्यांनी मलाही शेजारी बसवलं. माझ्यासाठी भजी वेगळ्या कढईत तळली होती. तुम्ही लिंगायत, मला ठावं हाय की, म्हणाल्या.

घर बागल चौकाजवळच्या गल्लीत. खाली चाचींचं फॉल-पिकोचं दुकान, वर माझी खोली. शेजारच्यांच्या पेरूची एक फांदी खिडकीशी टेकलेली आहे. हात बाहेर काढला की पेरू मिळतो. शेजारी भांडत नाहीत, असं चाची म्हणाल्या. बघू.

नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. पंचतारांकित म्हटल्यावर भूमिकाला वाटलं मी हॉटेलात लागले. धाकटी बहीण माझी, बारावीला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. टाइम ऑफिसात हजेरीच्या कॉम्प्युटरवर बसायचं, हे माझं काम. गणपतराव म्हणून साहेब आहेत. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोठ्यानं पण मनात काही नाही. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला. माझं नाव शिवलीला लिहिलं, वारस म्हणून भूमिकाचं नाव घातलं. अव्वानंच बजावलं होतं, माझं काय राहिलंय आता, धाकटीचं घाल.

कंपनीची बस ताराराणी चौकातून सुटते. आज खिडकीची जागा मिळाली. हायवेच्या दोन्ही बाजूंना ऊस तुऱ्यावर आलाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रुळले. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं. ती काळी वाळू सगळीकडे जाते. कीबोर्ड सकाळी उलटा करून आपटला की टेबलावर चिमूटभर पडते.

कामगारांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण ती यादी कसली, गोंधळच आहे. कुणाचं नाव एका सेलमध्ये, आडनाव दुसऱ्या, गाव तिसऱ्या. काही माणसं दोन-दोनदा. गणपतरावांना कॉम्प्युटरची भीती वाटते आणि ते कबूलही करतात. मी सेल जोडते, नावं सरळ करते, तेव्हा ते मागं उभं राहून शाळेतल्या पोरासारखे बघतात. आज त्यांनी मला तीनदा तेच करून दाखवायला लावलं. आपण दोन सेल नुसते मर्ज केले, तर वरच्यातलं तेवढं राहतं, खालचं पुसून जातं. तशी सूचना स्क्रीनवर येते. खालचंही ठेवायचं असेल तर आधी '&' चिन्हानं दोन्ही मजकूर जोडून घ्यायचे. गणपतरावांनी ते डायरीत उतरवून घेतलं.

दोन माणसं ओळखीची झाली. एक केरबा. भट्टीवर असतो, चाळिशीचा, दंड खांबासारखे, पाठीला पट्टा. मला शेंगदाण्याचा लाडू देऊन गेला. बायकोनं केलाय म्हणाला, आणि दोन मुलींची नावं, इयत्ता, सगळं सांगून झालं. दुसरा शिवपुत्र. तेवीस-चोवीसचा, बारीक. माझं गाव सीमेलगतचं, हे कळल्यावर एकदम कानडीत सुरू झाला. त्याचं गाव संकेश्वरच्या पलीकडं. इथं कानडी बोलायला कुणी नाही, जीभ आखडून गेली होती म्हणाला. मला अक्का म्हणतो. त्याची आई शांतव्वा तिकडं एकटीच असते. हा दर आठवड्याला जातो.

शिवपुत्र बदली आहे. केरबाची पाठ धरली की केरबाच्याच नंबरावर तो भट्टीवर उभा राहतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सरकारी तपासणी येणार म्हणून ऑफिसात धावपळ. एका नंबरावर दोन माणसं दिसता कामा नयेत, असं मालकांनी कळवलंय. असा नंबर एकच निघाला, केरबाचा. वरच्या सेलमध्ये केरबा, खालच्यात शिवपुत्र.

गणपतराव म्हणाले, दोन्ही एक करून टाक. मी मर्जचं बटण दाबलं, ती सूचना आली, आणि माझा हात थांबला. शिवपुत्रचं नाव पुसलं गेलं असतं. उद्या त्यानं कुठं दाखवायचं की मी इथं काम केलंय? म्हणून मी आधी दोन्ही नावं जोडून घेतली आणि मग सेल एक केले. दोघांची नावं एका चौकटीत, शेजारी शेजारी. दिसायलाही बरं दिसलं. गणपतराव म्हणाले, चालतंय की, नंबर एक दिसला म्हणजे झालं.

उद्या ईदची सुट्टी. चाचींकडं आज दूध आटवतायत, जिन्यापर्यंत वास आलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल पोटभर शीरखुर्मा. चाचींच्या सगळ्या नात्यातल्या पोरी माझ्या खोलीत येऊन पेरू पाडून गेल्या. शेजारी शेवटी भांडलेच.

आज शिवपुत्र आला नाही. सांगून गेला नाही. त्याचा डबा आणि शर्ट मंगळवारपासून तिथंच खुंटीला आहेत. मंगळवारी पाळी सुटताना तो बाहेर पडलेला कुणी पाहिला नाही, वॉचमननंही. गणपतराव म्हणाले, गावाकडं पळाला असेल, बदली पोरांचं असंच असतं.

केरबा आला, पण ओळखू येईना. चेहरा सुजल्यासारखा. शर्टाची बटणं लागत नव्हती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारी कँटीनमध्ये केरबा माझ्यासमोर येऊन बसला. दोन ताटं घेतली होती. एक संपवलं, दुसरं ओढलं. खाता खाता माझ्याकडं बघून म्हणाला, अक्का, चटणी तिखट आहे गं. कानडीत म्हणाला. आमच्या बाजूचं कानडी, संकेश्वरकडचं, शेवटचा शब्द ओढून.

केरबा कसबा सांगावचा. त्याला कानडीतलं एक अक्षर येत नाही. गेल्या आठवड्यात शिवपुत्र आणि मी बोलत होतो तेव्हा तो हसून म्हणाला होता, तुमचं काय चाललंय ते आम्हाला कळंल असं बोला की.

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्यालाही कळलं असावं. त्यानं घास खाली ठेवला, हात पुसला, आणि हळू आवाजात मराठीत बोलला.

"बाई, माझ्या अंगात कोन तरी ऱ्हायला आलंय. चांगलं पोरगं हाय. पर जागा पुरंना वो दोघास्नी."

 त्याचा उजवा हात भाजीकडं जात होता, डावा त्याला धरून ठेवत होता. शिवपुत्र डावखुरा आहे.

३ डिसेंबर, बुधवार

शांतव्वा आली. गेटवर म्हातारी रडतेय आणि काय बोलतेय कळत नाही, म्हणून वॉचमननं मला बोलावलं. हिरवं इरकल, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. मुलगा रविवारी आला नाही म्हणून दोन बस बदलून आली होती. मी तिला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. तो कुठं गेला हे कुणाला ठाऊक नाही एवढंच सांगितलं. माझा आवाज मला खोटा वाटत होता.

तेवढ्यात केरबा दारात आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. भट्टी सोडून तो सरळ चालत आला, आणि शांतव्वासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. एवढा मोठा माणूस. डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं.

"अव्वा, ना इल्ले अदीनि."

आई, मी इथंच आहे.

शांतव्वा ओरडली नाही. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डोळे, कान, हनुवटी चाचपली. तिच्या मुलाची हनुवटी बारीक, याची रुंद. तरी ती सोडेना. त्याला काहीतरी विचारलं, लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा वर कुणी काढलं असं. केरबानं उत्तर दिलं. तिनं पदर तोंडात घातला.

गणपतराव म्हणाले, केरबाला ऊन लागलंय. डिसेंबरात.

४ डिसेंबर, गुरुवार

मी ते सेल सोडवले. मर्ज काढलं. पण दोन्ही नावं वरच्याच चौकटीत राहिली, खालची रिकामी झाली. हे मला आधीपासून माहीत होतं. सेल सुटतात, मजकूर सुटत नाही.

केरबाला कारखान्याच्या डॉक्टरांकडं नेलं. नळी छातीला लावली, काढली, पुसली, परत लावली. नळी बिघडलीय म्हणाले. बाहेर आल्यावर केरबानं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. ठोके पडत होते. त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत दुसरे, घाईघाईचे.

नजीराचाचींना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. शिलाईचं मशीन बंद केलं. मग म्हणाल्या, तू केलंस तर तूच सोडव, दुसरं कोण सोडवणार.

६ डिसेंबर, शनिवार

मजकूर तोडला. जिथं केरबा संपतो आणि शिवपुत्र सुरू होतो तिथं बरोबर कापला. वरच्या सेलमध्ये केरबाचं नाव, खालच्या सेलमध्ये शिवपुत्रचं. दोनदा वाचून पाहिलं. सेव्ह केलं.

पुढचे रकाने मी भरले नाहीत. गाव, जन्मतारीख, आईचं नाव. मला पाठ होतं ते सगळं, पण नाव परत आलं यातच एवढं बरं वाटलं की मी उठले. त्या वेळी आठवलं नाही. नाही आठवलं.

८ डिसेंबर, सोमवार

शिवपुत्र आला.

शांतव्वा त्याला हाताला धरून घेऊन आली. काल उन्हं उतरताना तो तिच्या दारात उभा होता. शिवपुत्रचंच तोंड, शिवपुत्रचेच बारीक हात. नाव काय विचारलं की सांगतो. दुसरं काही विचारलं की गप्प. आईकडं बघतो पण बघत नाही. भाकरी हातात दिली तर हातातच राहते. उन्हात बसवलं तर उन्हातच. डोळ्यांवर माशी बसली तरी पापणी हलत नाही.

मी पळत ऑफिसात गेले, राहिलेले रकाने भरले. गाव घातलं, आई घातली, भाषा घातली. परत आले. तो तसाच. मी विचारलं तेव्हा त्यानं गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, जसं मी टाइप केलं होतं तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

बाकीचं सगळं अजून केरबातच आहे. शांतव्वाला ते माझ्याआधी कळलं. भट्टीच्या शेडबाहेर कट्ट्यावर ती बसली. एका बाजूला केरबा, दुसऱ्या बाजूला हा. मला म्हणाली, कानडीत, अगदी शांतपणे:

"ह्याला माझ्या मुलाचं नाव आहे. मुलगा तो आहे."

केरबा तिच्या खांद्याला टेकून झोपला होता.

११ डिसेंबर, गुरुवार

केरबा गेला. सकाळी पाळीवर यायला निघाला होता, सायकल धरून अंगणातच बसला. छातीला दोन हात लावले, दोन वेगवेगळ्या जागी.

मी कसबा सांगावला गेले. जायलाच हवं होतं. शांतव्वा माझ्याआधी पोचली होती. तिनं केरबाच्या बायकोचे पाय धरले. मला म्हणाली, यांना सांग, जाळू नका. आमच्यात जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. माझा मुलगा आत आहे.

मी ते मराठीत सांगितलं. सगळ्यांसमोर मी ते वाक्य बोलले. कुणीतरी मला दंडाला धरून बाहेर काढलं. केरबाची बायको नुसती बघत होती. मग ती म्हणाली, रात्री ते झोपेत अव्वा अव्वा करायचे, मला वाटायचं ताप हाय. एवढं बोलून ती शांतव्वाकडं पाठ करून बसली. तिची धाकटी मुलगी तिच्या मांडीत होती.

दुपारी जाळलं. शांतव्वा नदीवर आली नाही. ती रस्त्यावर त्या दुसऱ्याला धरून बसली होती. धूर दिसायला लागला तसं मी त्याला नाव विचारलं.

त्याला सांगता आलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

गणपतरावांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला, ऐकून घेतलं. त्यांना मुलगी आहे माझ्याएवढी. म्हणाले, पोरी, तुझ्या मनावर घाव बसलाय. चार दिवस गावाकडं जाऊन ये, पगार कापत न्हाय.

मग म्हणाले, मालकांचा निरोप आहे. केरबाच्या वारसाचं नाव कागदावर सापडायला वेळ लागला, कारण तो रकाना दुसऱ्या पानावर छापला जातो. आता प्रत्येक कामगार आणि त्याचा वारस एकाच सेलमध्ये पाहिजे.

मी नाही म्हणाले. ओरडले बहुतेक.

ते म्हणाले, तू कशाला करतीस? तूच शिकवलंयस की मला.

१४ डिसेंबर, रविवार

सुट्टी. शांतव्वाला संकेश्वरच्या बसमध्ये बसवून दिलं. तो खिडकीशी बसला होता. तिनं त्याच्या गळ्यात आपल्या गळ्यातलं लिंग बांधलं होतं.

घरी फोन केला, शेजारच्यांकडं. भूमिका आली. प्रॅक्टिकलच्या वहीचं काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, बोलत राहा.

१५ डिसेंबर, सोमवार

गणपतराव सकाळी लवकर येऊन बसले होते. पहिलं पान झालं म्हणाले. खूश होते. एक पान करायचं, छापायचं, मग दुसरं. मी फाइल पुसली. त्यांच्याकडं फ्लॉपी होती. मी फ्लॉपी ओढली, त्यांनी माझा हात धरला. जोरात नाही. फाइल परत चढवली.

माझं नाव शेवटच्या पानावर. मी नवी ना.

ते मालकांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी माझ्या ओळीतला वारसाचा रकाना मोकळा केला. भूमिकाचं नाव काढलं. फ्लॉपीवरही. त्यात काही नसेल तर जोडणार काय? बाकीच्यांचेही काढायला घेतले, पण ते आले. मला घरी जायला सांगितलं. वॉचमनला सांगितलं, हिला आत सोडू नको.

निघण्याआधी केरबाच्या ओळीनंतरची नावं मी नुसती वाचली. प्रत्येकापुढं बायको. आई. बायको. मुलगी. आई.

१६ डिसेंबर, मंगळवार

गेटवर थांबायचं म्हणून बसमध्ये बसले. माणसांना सांगायचं होतं, वारस बदला, काढून टाका.

बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. एरवी कान किटतात. माझ्या पुढच्या सीटवरचा माणूस डोक्यावरून हात ओढत होता, पदर घेतात तसा, परत परत. पलीकडचा मांडीवर काहीतरी थोपटत होता, मांडीवर काही नव्हतं. सयाजी म्हणून वाळूचे गाभे करणारा, कोअर शॉपचा मुलगा आहे, मागच्या महिन्यात बाळ झालं म्हणून पेढे वाटले होते. त्याच्या शर्टावर छातीशी दोन ओले डाग होते. तो खाली बघून रडत होता. मी विचारलं, बायको कुठंय. म्हणाला, बाळ घरात एकटंच हाय—

आणि त्याच्याच तोंडातून बाईचा आवाज निघाला, बस थांबवा.

ड्रायव्हरनं बस थांबवली नाही. तोही गुणगुणत होता.

१७ डिसेंबर

गेले नाही. चाचींच्या मशीनवरून फोन — मशीनवरून नाही, दुकानातून. ऑफिसात लावला. गणपतरावांना म्हटलं, माझं नाव काढून टाका, मी राजीनामा देते. मग वाटलं, नाव काढलं तर? काढलेल्याचं काय होतं? म्हटलं, नको, राहू दे. मग म्हटलं —

ते थकलेले वाटत होते. म्हणाले, घरी मंडळी कुठं गेली कळंना, सकाळपासून दिसली न्हाय, पर आवाज येतोय घरात. मी म्हटलं, साहेब, तुमची ओळ कितवी? पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, तसेच, प्रेमानं:

"तुझा रकाना मोकळा ऱ्हायला होता बघ, पोरी. फॉर्मवर हुतं नाव. मी भरला."

कधी, म्हटलं.

आत्ता.

१७, संध्याकाळ

शेजारच्यांचा फोन. भूमिका नळावर गेली ती आली नाही. घागर भरून वाहतेय. अव्वा तिथंच उभी आहे, नळ बंद करू देत नाही.

मी म्हटलं येते. जिन्यावर पाय उचलेना. जड. चाचींनी धरलं. चाचींनी माझ्या मनगटाला हात लावला आणि एकदम काढला. मग मीच बोटं ठेवून बघितलं. दोन नाड्या.

१८

अक्षर माझं नाही. माझा 'ळ' असा नसतो. ती असा काढते.

प्रॅक्टिकलची वही कपाटात वरच्या फळीवर आहे. हे मला माहीत नव्हतं. मला कसं —

तिला भीती वाटतेय. मी म्हणते घाबरू नको. तोंडानं म्हणते की आत म्हणते कळत नाही. पाणी थंड होतं म्हणते. घागर उचलली आणि सगळं अरुंद झालं म्हणते.

चाची, कापू नका कुणालाही सांगू नका तोडायला. तोडलं तर नाव तेवढं बाहेर येईल. ती आत राहील आणि बाहेर अव्वाच्या दारात — नाही. आम्हाला असंच —

१९

श्वास आलटून पालटून घेतो. तू घे. मग मी.

तिला नर्सिंगला जायचं आहे.

अव्वाला फोन केला. दोघींनी एकदम अव्वा म्हटलं. अव्वा म्हणाली कोण बोलतंय. शिवलीला म्हणायचं होतं, तोंडात भूमि — अव्वा म्हणाली, कोण, नीट सांग, एकीनं बोला —

अक्का थोडी सरक

सरकते गं

अजून थोडी अक्का मला

हो हो घे तू घे मी इथं कडेला